मंडईपुरती शुद्ध

यंदा दिवाळीनंतर गोंदियात एका हॉलमध्ये एका संस्थेची सभा भरली होती. आपल्या जिल्ह्यात पॅलिएटिव्ह केअरचं पुढे काय करायचं, हा विषय. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याचं दुखणं तरी कमी करायचं, त्याला घरच्या घरी नीट ठेवायचं, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत काय म्हणायचं यावरच सुरुवातीचा बराच वेळ गेला. एकजण म्हणाले परिहार सेवा, दुसरे म्हणाले उपशामक काळजी, आणि तिसऱ्यांना दोन्हींत ओलावा कमी वाटला. त्यांचा ओलावा सापडेपर्यंत आम्ही पेशंटच्या घरचे मागच्या खुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या धरून बसलो होतो.

मग पडद्यावर भवितव्य सुरू झालं. प्रत्येक तालुक्याला खाटा, प्रत्येक गावात एक प्रशिक्षित माणूस, मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला. देवरीकडच्या जंगलातल्या गावांना ड्रोननं गोळ्या. चित्रात तो ड्रोन एका हिरव्यागार शेतावर थांबला होता आणि खाली उभा असलेला म्हातारा हसत होता. चित्रातले सगळे पेशंट हसतच होते. एकालाही कुठे जखम नव्हती.

बाहेरून आलेले पाहुणे बोलून झाल्यावर गावोगावच्या स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला होता. त्यांना 'गावमित्र' असं नाव दिलंय. आमच्या गावचा गावमित्र माझा मोठा भाऊ. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माइकजवळ गेला.

"आमच्या मायले शेवटपर्यंत काई त्रास झाला नाई," तो म्हणाला. "मंडईले सर्व पावने आले. सर्वायले ओरखली, सर्वायसंग बोलली. शुद्धीत गेली माय आमची. हे या संस्थेचे उपकार हायेत."

टाळ्या वाजल्या. मी उठून बाहेर आले.

मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. गाडी लागली का, कधी सुटणार, एवढंच लोक विचारतात, तेवढंच मी सांगते. इतकी वर्षं तेच केल्यानं माझ्या जिभेला हाड नाही असं सासरचे म्हणतात, आणि माहेरचे म्हणतात की जीभ कमी, हाडच जास्त. असेल. पण मी गाडी लागली नसताना लागली असं कधी सांगितलेलं नाही. माझ्या भावानं त्या दिवशी माइकवरून तेच केलं, आणि तेही मनापासून. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

आमचं गाव दवनीवाड्याहून पुढे. आई तिथे भावाकडे राहायची. सकाळी उठली की दारात बसून ती गुडाखू घासायची. तंबाखूची ती काळी लगदी बोटावर घ्यायची, दातांना लावायची, आणि गल्लीतल्या बायकांशी बोलत तासभर तशीच बसायची. आमच्याकडच्या निम्म्या बायकांची सकाळ अशीच होते. घासल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं सगळ्यांचं ठाम मत. आईच्या गालात आतून छाला उठला तेव्हा तिनं त्यावरही गुडाखूच लावली. झोंबते म्हणजे दवा काम करते, असं तिचं म्हणणं.

पुढे ती जखम गाल फोडून बाहेर आली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, विजेचे शेक झाले, आणि एके दिवशी तिथल्या डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी घेऊन जा. सेवा करा." सेवा करा हे शब्द मी तेव्हापासून ओळखून आहे. औषध संपलं की दवाखाने सेवा लिहून देतात, आणि ती घरात कोण करणार हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. आमच्या घरी ती वहिनीनं केली. जखम तिनं धुतली, पू तिनं पुसला, आणि वास सहन होत नाही म्हणून भावानं आपली खाट मागच्या खोलीत नेली तेव्हा आईच्या खाटेजवळ चटई तिनं टाकली. माझ्या भावाच्या दोन शब्दांत वहिनीचा अर्धा शब्दही नव्हता.

दुखणं काय असतं हे मी आईकडे पाहून शिकले. ती ओरडायची नाही, कारण तोंड उघडलं की जास्त दुखायचं. ती गोठ्याच्या खांबाला कपाळ लावून उभी राहायची. बसवलं की परत उठून खांबाकडे जायची. गाई तिच्याकडे पाहून हंबरायच्या आणि ती तशीच उभी. एकदा मी तिला खांबापासून सोडवायला गेले तर तिनं माझा हात इतका जोरात झटकला की बांगडी फुटली. ती मला ओळखत नव्हती असं नाही. दुखण्यापुढे तिला मी नको होते.

कोणीतरी सांगितलं की मॉर्फिन नावाची गोळी असते. मी गोंदियात औषधाच्या दुकानांतून फिरले. एका दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, ये गोली हम नहीं रखते. इसमें बहुत लफड़ा है. ये दूसरी ले जाओ, आराम पड़ेगा." त्यानं तापावरची गोळी पुढे केली. ती मी घेतली नाही. त्याला म्हटलं, "हे तुझ्या आईला दे." हे बोलायला नको होतं, पण बोलले ते बोलले.

शेवटी सभा भरवणाऱ्या त्या संस्थेची नर्स मिळाली. साळेकशाकडची, बोलायला हळू, पण कामात कसूर नाही. संस्थेच्या पांढऱ्या गाडीतून ती गावोगाव फिरायची. गाडीवर मोठ्या अक्षरात पाटी होती, आणि ही गाडी ज्याच्या दारात थांबते तो माणूस टिकत नाही हे लोकांनी लवकरच शोधून काढलं होतं. भावानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की गाडी शाळेजवळ लावत जा, दारात नको. तेव्हापासून ती शाळेजवळून पायी यायला लागली.

तिनं गोळी दिली. दर चार तासांनी एक, चुकवायची नाही, दुखो की न दुखो, हे तिनं वहिनीला समजावलं आणि भावाकडून वदवून घेतलं. पहिले दोन-तीन दिवस आई नुसती झोपली. भाऊ घाबरला. नर्स म्हणाली, ही कित्येक महिन्यांची राहिलेली झोप आहे, ती घेऊ द्या. आणि खरंच, एका सकाळी आई उठली, सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर येऊन बसली आणि वहिनीकडे कंगवा मागितला. मी रविवारी गेले तर ती केस विंचरत होती.

"कसं वाटते माय?" मी विचारलं.

अर्ध्या तोंडानं ती म्हणाली, "गाल दुसऱ्याचा वाटून रायला. त्याचा त्यालेच दुखो."

मी हसले आणि मग मागच्या अंगणात जाऊन रडले. गेल्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत असे दिवस गेले. ती पातळ पेज प्यायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची, वहिनीनं धान कुठे वाळत घातलं यावरून किटकिट करायची. दुपारी दोन घास पोटात गेले की डुलकी लागायची, तेवढंच. ती मरणार होती हे तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि तरी ते दिवस चांगले होते. आमच्या घरात इतके चांगले दिवस बा गेल्यानंतर मी पाहिले नव्हते. ते टिकावेत एवढंच मला हवं होतं. ती वाचावी असं मी मागत नव्हते. ती जाईपर्यंत तिला खांबाजवळ उभं राहायला लागू नये, इतकंच.

मग मंडई आली.

आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. त्या दिवशी गावात बाजार भरतो, आकाशपाळणा लागतो, दंडारीवाले नाचतात, रात्री नाटक होतं. पण खरी मंडई घरात असते. सगळे नातेवाईक त्या दिवशी येतात. लेकी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मटणाच्या रश्श्याबरोबर गिळली जातात. ज्याच्या घरी मंडईला पाहुणे कमी, त्याची पत कमी. माझ्या भावाची पत मोठी आहे.

मी त्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. वाटेवर बांगड्यांची, जिलेबीची दुकानं मांडणं चालू होतं. घरात वडे तळले जात होते. आणि सपरीत खाटेवर आई टेकून बसली होती, नवं लुगडं नेसलेली, केसांना तेल लावलेली, डोळे सताड उघडे. क्षणभर मला वाटलं, किती छान दिसते आहे. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. तिनं खाटेची नवार मुठीत धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. हिवाळ्याच्या सकाळी तिच्या कानामागून घाम ओघळत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी कढईवरून मान वर न करता म्हणाली, "परवापासून गोली बंद हाय."

"काऊन?"

"तुमच्या दादाले विचारा."

दादा मागच्या अंगणात बोकडाच्या मटणाचे वाटे मोजत होता. मी विचारलं. त्यानं मला असं समजावलं, जसं मीच काहीतरी अडाणीपणाचं विचारत होते.

"बाई, ते दुपारी झोपून रायते. पावने येतीन दुपारीच. मामा देवरीवून येऊन रायला तिच्यासाठी. अन् आला अन् तिनं ओरखलीच नाई, तं? लोक काय म्हनतीन? अफीम देऊन पाडून ठेवली मायले, असाच म्हनतीन ना? दोन दिवसानं काई होत नाई."

"नर्सनं काय सांगितलं होतं तुला?"

"नर्सले पावने येतेत का?"

गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला कपाटात, किल्ली माझ्याजवळ, संध्याकाळी देऊ. मी त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली. वडीलधाऱ्या भावाच्या खिशात हात घातला म्हणून चुलीजवळच्या बायका पाहत राहिल्या. पाहू दे म्हटलं. गोळी आणि पाणी घेऊन मी आईजवळ गेले.

तिनं मान हलवली. "नोको."

"दुखते ना माय?"

"मामा येऊन जाऊ दे तुझा."

"मामा आला की उठवते मी तुला. घे."

"पावन्यायले चटई टाक," ती म्हणाली.

मी पुन्हा गोळी पुढे केली तर तिनं ओठ घट्ट मिटले. त्या तोंडात जबरदस्तीनं काही घालणं मला शक्य नव्हतं. कोणालाच नसतं. आणि मला तेव्हा कळलं की भावानं तिला विचारूनच हे केलं होतं. म्हणजे विचारलं काय असेल? पाहुणे येणार आहेत माय, तू झोपून राहिलीस तर कसं दिसेल, असं. त्या बाईनं सगळं आयुष्य पाहुण्यांना चटई टाकण्यात घालवलं होतं. ती दुसरं काय म्हणणार होती? तिला हो म्हणायला लावणं सोपं होतं. त्याला मी तिची इच्छा म्हणत नाही.

वहिनीला मी बोलले, तुम्ही तरी मला फोन करायचा. ती वडे काढता काढता म्हणाली, "तुमी सांजच्या गाडीनं जासान. मले त्यायच्यातच रायचं हाय." तिच्यावर मला राग धरता आला नाही.

मग पाहुणे आले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस, कसं आहे हे विचारत नाही. तो खाटेजवळ वाकतो आणि विचारतो, "मले ओरखली का?" मोठ्यानं विचारतो, जसं दुखणं कानाला झालेलं असतं. एकामागून एक सगळ्यांनी विचारलं. आणि आईनं प्रत्येकाला उत्तर दिलं. तू मोठ्या नंदेचा लेक. तू धाकट्या दिराची सून. तुले लेकरू झाला नं वो? प्रत्येक उत्तराला फाटलेला गाल हलायचा आणि मी पदरानं तिची हनुवटी पुसायचे. ऐकणारा खूश व्हायचा. "शुद्ध हाय अजून," असं मागच्याला सांगायचा, नाकावरचा रुमाल नीट करायचा आणि जेवायला आत जायचा. मटण चांगलं झालं होतं म्हणे.

देवरीहून मामा बऱ्याच उशिरा आला. गाडी चुकली होती. तोवर आईच्या पायांना बारीक कंप सुटला होता. मामानं टोपलीतून सीताफळं आणली होती, पिकलेली, आणि ती त्यानं तिच्या मांडीजवळ मांडली. "बाई, तू तं चांगली दिसून रायली," तो म्हणाला आणि रडायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात किती कष्टानं वर गेला हे त्याला दिसलं नाही, कारण तो डोळे पुसत होता. थोडा वेळ तो बसला. मग दंडारीची ढोलकी वाजली तशी घरातली पोरं त्याला ओढून बाजारात घेऊन गेली.

सपरी रिकामी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. आईनं मला जवळ बोलावलं.

"गेले का सर्व?"

"गेले."

"मंग दे आता."

मी गोळी कुस्करून पाण्यात दिली. ती गालातून बाहेर आली. परत दिली. थोडी गेली, थोडी लुगड्यावर सांडली. त्या नव्या लुगड्यावर. अर्ध्या तासानं ती आपणहून उठली आणि धडपडत खांबाकडे निघाली. मी आणि वहिनीनं तिला धरून आणलं. नाटकाचे भोंगे पहाटेपर्यंत चालू होते आणि भाऊ पुढच्या रांगेत पाहुण्यांबरोबर बसला होता.

दुसऱ्या दिवशी नर्स आली. तिला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. दुखणं एकदा पुढे निघून गेलं की त्याच्या मागून धावावं लागतं, एवढंच म्हणाली. गोळ्या वाढवल्या, मग सुई लावली. त्यानं दुखणं कसंबसं दबलं, पण आईही त्याखाली दबली. ती परत सपरीत येऊन बसली नाही. कंगवा मागितला नाही. कोंबड्या दारात घाण करत राहिल्या आणि कोणी शिव्या दिल्या नाहीत. शेतातलं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान कापून व्हायच्या आत ती गेली. मंडई नसती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण तिचे ते चांगले दिवस अजून शिल्लक होते. ते आम्ही पाहुण्यांना वाढले.

तेरवीला सगळे हेच बोलले. मंडईले कशी बोलली, एकेकाले ओरखली, पुण्यवान होती म्हातारी. आणि भावाकडे पाहून माना हलवायचे की पोरगा असावा तर असा. त्या कौतुकातच तो गावमित्र झाला.

तर त्या दिवशी हॉलमधून मी बाहेर आले ती अशी. व्हरांड्यात चहा मांडला होता. थोड्या वेळानं सभा चहासाठी सुटली, आणि शाल तशीच खांद्यावर ठेवून भाऊही बाहेर आला. त्याच्या मागोमाग एक बाई आली. साधीशी, पस्तीस-चाळिशीची, हातात कापडी पिशवी. आमगावकडची होती हे नंतर कळलं. त्याच नर्सनं तिला सभेला बोलावलं होतं, कारण तिच्या नवऱ्यालाही कॅन्सर, गळ्याचा, आणि त्यालाही त्याच गोळ्या चालू. मंचावर बोलला तोच माणूस जाणता, असं समजून ती भावाजवळ गेली.

"भाऊ, उद्या आमच्या गावची मंडई हाय," ती म्हणाली. "म्हनून कालपासून गोली बंद केली. सासू म्हने, त्यायच्या बहिनी येऊन रायल्या, भाऊ उठला तं पाहिजे. पन लय तळमळून रायले ते. काय करू?"

माझ्या भावानं चहाचा घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावर खरी माया होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

"लोकायले ओरखतेत ना?"

"हो. ओरखतेत."

"मंग झाला. उद्याचा दिवस काढा. आमी बी असाच केलो होतो."

मी मध्ये गेले. "दादा, तू गप्प बस," म्हटलं, आणि त्या बाईला सगळं सांगितलं. मूठ, घाम, गालातून बाहेर आलेली गोळी, खांब. हळू बोलता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानंच सांगितलं. व्हरांड्यातली माणसं कप हातात धरून थांबली. ड्रोनवाले पाहुणेही थांबले.

"बाई, इथं कायले?" भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "लोक पाहून रायले."

"तेच तर," मी म्हणाले. "तुला दुसरं काही दिसतच नाही."

तो शाल काढून घडी घालायला लागला.

नर्स धावत आली. तिनं बाईला विचारलं, गोळ्या कुठे आहेत. बाईनं पिशवीतून पाकीट काढलं. घरी ठेवलं तर मोठी पोरगी बापाचं पाहून रडते आणि गोळी देऊन टाकेल, म्हणून ती ते संगच घेऊन आली होती. तिकडे नवरा तळमळत होता आणि त्याची दवा गोंदियात चहाच्या टेबलाजवळ होती.

"आत्ता जा आणि पहिली गोळी द्या," नर्स म्हणाली. "मग न चुकता देत राहा."

"आता दिली तं उद्या पावने येतपर्यंत उठतीन का?"

नर्स खोटं बोलली नाही. "कदाचित नाही उठणार. कालपासूनची झोप राहिली आहे त्यांची."

बाई पाकिटाकडे पाहत राहिली. "सासू मले दारात उभी नाई करन," ती म्हणाली. पडद्यावरच्या कुठल्याच चित्रात तिची सासू नव्हती. आकाशातून गोळी उंबरठ्यापर्यंत येईल, पण उंबरठ्यापासून तोंडापर्यंतचा रस्ता घरातल्या माणसांच्या हाती आहे, आणि त्यांचा सगळा जीव चार नातेवाईक काय म्हणतील यात अडकलेला. त्याचा इलाज कोणत्या खात्याकडे मागायचा?

मी तिला स्टँडवर नेलं, आमगावच्या गाडीत बसवून दिलं आणि माझा नंबर दिला. ती जाते म्हणाली. देते असं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे भोंगा वाजत होता, म्हणून आधी काही नीट ऐकू येईना. मग ती बहुतेक घराच्या मागे गेली.

"पावने लय बोलले वो बाई," ती म्हणाली. "नंदा रडल्या. म्हने, आमच्या भावाले नशा देऊन पाडून ठेवली हिनं, इले मोकळं व्हायचं हाय. सासूनं माझ्या हातचं पानी नाई घेतलं. सर्वायसमोर बोलले."

"आणि ते कसे आहेत?"

"झोपून हायेत," ती म्हणाली. "कालपासून झोपून हायेत. मघा कुशी बदलले आपल्यामनानं."

फोन ठेवल्यावर मी खिडकीची झडप लावून घेतली आणि बाहेर रांग असताना तशीच बसून राहिले. त्या माणसासाठी मला बरं वाटलं. पण बरं वाटण्यापेक्षा राग मोठा होता, आणि तो भावापुरता नव्हता. इतकं सोपं होतं तर. घरातल्या एका माणसानं चार लोकांची बोलणी खाल्ली की झालं. आमच्या एवढ्या भरल्या घरात, आईसाठी तेवढी बोलणी खायला कोणीही तयार नव्हतं.